मारायला की वाजवायला

दुकानदार खर्रा घोटत होता. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घेऊन टेबलाच्या काठावर, त्या खास नागपुरी लयीत. मान वर न करताच त्याने विचारलं, "मारायले पायजे का वाजवायले?" आम्ही तिघं होतो. भाऊ भिंतीवर साखळीने बांधलेल्या बंदुकांकडे बघत राहिला. भाचा, वय वर्षे एकोणीस, मोबाइलमध्ये काहीतरी शोधायला लागला. आणि मी, जिच्या सांगण्यावरून हे सगळं सुरू झालं होतं ती, पर्समधून उगाचच चष्मा काढून पुसू लागले. त्याने दोनदा विचारलं नाही. गिऱ्हाइकांच्या गप्प राहण्याची त्याला सवय असावी. खर्रा तोंडात टाकून तो उठला आणि कपाटाची किल्ली शोधू लागला. या गोष्टीला आता चार महिने होत आले. तरी भाजी निवडताना, बसमध्ये खिडकीशी बसले असताना तो प्रश्न मधूनच वर येतो. सोपा होता. दोनच पर्याय होते.

जानेवारीतली गोष्ट. पहाटे पाचला भावाचा फोन आला. "ताई, गेलं." एवढंच. आई गेली तेव्हाही तो एवढंच म्हणाला होता, त्यामुळे माझ्या पोटात गोळा आला. मग कळलं की हरभरा गेला. उमरेडच्या पुढे, भिवापूरच्या अलीकडे आमचं शेत. त्यातला दोन एकर हरभरा ऐन घाट्यावर आला होता. रविवारी मी गेले. बांधावरून आधी काही वेगळं दिसलं नाही, आत शिरल्यावर समजलं. कुणी मुद्दाम उलटासुलटा वखर फिरवावा तशी जमीन उकरलेली, झाडं मुळासकट आडवी, घाटे चावून थुंकलेले. ओलिताच्या ओलीत रानडुकरांच्या खुरांचे ठसे, मोठे आणि त्यांच्या मागे छोटे छोटे. सगळं कुटुंब जेवायला आलं होतं म्हणायचं. हरभऱ्याच्या पानांवर पहाटे आंब असते. आजी थंडीत त्यावर धुतलेलं फडकं अंथरायची, सकाळी पिळून बाटलीत भरायची आणि पोट दुखलं की चमचाभर द्यायची. ती आंब माझ्या चपलेच्या पट्ट्याखाली गेली आणि पाय चुरचुरायला लागले. भाऊ धुऱ्यावर उकिडवा बसून होता. म्हणाला, "खाल्लं असतं तं दुःख नव्हतं. खाते पावभर, तुडवते मणभर."

त्याने करून काय पाहायचं ठेवलं होतं? वहिनीच्या जुन्या साड्या शेताभोवती बांधून झाल्या. न्हाव्याकडून केसांची पोती आणून पसरून झाली. वाघाच्या डरकाळीचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावून झालं. त्याला डुकरं पहिले आठ दिवस भ्याली, मग वाघाला साक्षी ठेवून जेवायला लागली. झटका मशीन आहेच, पण तारेखालचं गवत महिन्यात वाढतं, तारेला टेकतं आणि झटका मातीत जातो. आणि खरं सांगायचं तर मोठं डुक्कर एकदा धावत सुटलं की झटका बसेपर्यंत ते आत असतं. वनखात्याकडे अर्ज, पंचनामा, भरपाई हा रस्ता आहे. भाऊ त्या रस्त्याने दोनदा गेलाय. पैसे मिळाले नाहीत असं नाही, पण अर्जाच्या मागे फिरण्यात गेलेले दिवस कुठल्या रकान्यात लिहायचे? त्या रविवारी शेकोटीत काडी ढोसत तो म्हणाला, "एक दिवस मी बी सिद्धी लाइन टाकतो." सिद्धी लाइन म्हणजे खांबावरची वीज थेट तारेत. आमच्या भागात हे वाक्य कुणी उच्चारलं की बाकीचे गप्प होतात. त्या तारेला डुक्कर मरतं, वाघ मरतो, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारचा माणूसही मरतो. तो बोलला तसा भाच्याने मान वर करून बापाकडे पाहिलं. ते पाहणं मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "त्यापेक्षा बंदुकीचं लायसन काढ. आबाजींकडे होती ना, भरमार?" आबाजी म्हणजे आमचे आजोबा.

तर बंदूक माझ्या तोंडून निघाली. आयुष्यभर शहाणपणाच्या गोष्टी सांगणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या, शाकाहारी बाईच्या.

भरमार म्हणजे ठासणीची बंदूक. काडतूस नाही, मागून उघडणं नाही. सगळं तोंडातून भरायचं. आधी दारू, मग चिंधी किंवा काथ्या, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि गजाने ठासायचं. घोड्याखालच्या निपलवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी बारीक भोकातून दारूपर्यंत जाते. एक बार. दुसरा पाहिजे तर पहिल्यापासून सगळं. नागपूरला परतल्यावर मी रात्री १९५९चा शस्त्र कायदा वाचत बसले. त्याच्या तेराव्या कलमात चक्क आपली सोय आहे: खरोखर पीकरक्षणासाठी म्हणून तोंडाने भरायची बंदूक मागितली तर परवाना द्यावा. अर्थात चौकशी आहे, नकाराची कलमं आहेत, पुढे प्रशिक्षण आहे. पण मी त्याच शब्दाशी थांबले. सगळं जग पुढे निघून गेलं तरी कायद्याने शेतकऱ्याच्या हातात द्यायला नेमकी ही जुनी, मंद बंदूक निवडून ठेवली. अविश्वास म्हणावा की काळजी, मला ठरवता येत नाही. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे, हेही त्याच रात्री नीट समजलं. रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, त्यांना मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी. म्हणजे बंदूक एका कार्यालयातून, गोळी दुसऱ्या.

भाच्याचा अभ्यास निराळ्या दिशेने चालला होता. त्याने अमेरिकेतले व्हिडिओ पाहून ठेवले होते. तिकडे म्हणे हौस म्हणून लोक अशी बंदूक घेतात. हरणाच्या शिकारीला तिच्यासाठी वेगळा हंगाम असतो, आणि बहुतेक ठिकाणी ती कायद्याने बंदुकीत धरतच नाहीत, कुरिअरने घरी येते. "आत्या, पहिली घेताना पन्नास कॅलिबर घ्यावी, आणि नळीतला पीळ अठ्ठेचाळीस इंचाला एक," तो मला समजावत होता. तिकडच्या बंदुका पीळवाल्या असतात. नळीच्या आत खाचांचा हलका मळसूत्री पीळ, गोल गोळी चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून आत दाबायची, म्हणजे ती फिरत सुटते आणि सरळ जाते. गोल गोळीला पीळ सावकाश लागतो, लांबट गोळीला घट्ट. कुणी चकमकीच्या गारगोटीची घेतात, कारण तीच अस्सल. कुणी टोपीची, कारण ती पावसात दगा कमी देते. नवशिक्याने टोपीचीच घ्यावी असं त्याचं मत होतं. पोरगं बारावीच्या भौतिकशास्त्रात कसंबसं पास झालं होतं. त्याला पिळाचं गणित पाठ झालेलं पाहून मला हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. दुकानदाराने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शेतीच्या लायसनवर पीळवाली कोन घेते बाप्पा? रात्रीचं दिसते का तुले शंभर मीटर? साधी नळी घे."

त्याने तीन काढल्या. काउंटरच्या बाहेर आणू नका म्हणाला, तिथंच पाहा. पहिली नवी, दस्त्याला एवढं पॉलिश की आमचे चेहरे दिसत होते. दुसरी दुनळी, जड. तिसरी कुणीतरी विकलेली, जुनी एकनळी, दस्त्यावर जिथे गाल टेकतो तिथे लाकूड काळं आणि गुळगुळीत झालेलं. बंदूक कशी बघायची हे त्याने आम्हाला दाखवलं, आणि सांगितलं पाहिजे की छान दाखवलं. दस्ता कोपराच्या वाकात टेकवायचा, बोटाचं पहिलं पेर चापावर आलं तर माप आपलं. घोडा अर्धा ओढला की खट्कन थांबला पाहिजे, आणि मग चाप कितीही दाबला तरी पडता कामा नये. त्याने जुन्या बंदुकीचा चाप जोर लावून दाबून दाखवला, घोडा हलला नाही. नव्या दुनळीचा डावा घोडा मात्र किंचित सरकला, तेव्हा त्याने ती काही न बोलता मागे ठेवली. नळीत मोबाइलची बॅटरी मारून गंजाचे खड्डे पाहायचे. निपलचे आटे खाल्लेत का पाहायचं. नळीवर कसोटीचा ठसा आहे की नाही ते सगळ्यात आधी. आणि एक ताकीद त्याने भाच्याच्या डोळ्यांत पाहून दिली: हिच्यात काळी दारूच, काडतुसातली बिनधुराची दारू काढून हिच्यात घालायचं डोक्यातही आणू नको, नळी फाटते आणि हात जातो. भाऊ जुनीकडे झुकला होता. त्याने ती उचलली, खांद्याला न लावता आडवी धरली, तान्हं बाळ धरतात तशी. गज ओढून बाहेर काढला. आणि मी नकळत हात पुढे केला, गजावर बोट फिरवलं. मी काय शोधतेय ते भावाला कळलं. "नाहीत," तो म्हणाला.

खाचा नव्हत्या.

आबाजींच्या गजावर दोन खाचा होत्या. रिकाम्या नळीत गज टाकला की पहिली खाच नळीच्या तोंडाशी यायची. बार भरलेला असला तर गज तेवढा वर राहायचा आणि दुसरी खाच दिसायची. रोज संध्याकाळी, भरली असो नसो, आबाजी गज टाकून पाहायचे. मला पाचव्या वर्षी अक्षरं यायच्या आधी त्या दोन खाचा वाचता येत होत्या. बंदूक मूळची गावच्या मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची. १९५१ साली मालगुजारी गेली, वाडा उतरणीला लागला, आणि वाड्यावर दिवाणजीगिरी केलेल्या आबाजींकडे बंदूक आली, पुढे त्यांच्या नावाने पास झाला. लायसनला ते पासच म्हणत. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा व्हायची. सायकलच्या दांड्याला बांधून नेताना आबाजी म्हणायचे, "हे चालली मतदानाले."

तेव्हा ज्वारी असायची. सोयाबीन आलं आणि ज्वारी गेली, ज्वारीसोबत मचाणही गेलं. दिवसा पाखरांना गोफण, रात्री डुकरांसाठी जागल. मी हट्टाने आबाजींसोबत जागलीला जायचे. मचाणावर गोधडी, कंदील, खाली धुमसणारी शेणी. आबाजी आधी तंबाखूचा बार भरायचे, मग बंदुकीचा. तळहातावर मळलेली तंबाखू ओठाखाली ठेवून जिभेने ठासायची, मग शिंगातून दारू नळीत ओतायची आणि गजाने ठासायची. गज वरून सोडला की आधी तो मऊ, बद्द असा थांबायचा. पाच-सहा ठोके झाले की टण्णकन उडी मारायचा. उडी मारली म्हणजे बार बसला. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, म्हणून ते त्या उडीशिवाय टोपीला हात लावत नसत. मराठीत आपण ठासून सांगतो, फुसका बार म्हणतो, लग्नाचा बार उडवतो. हे सगळे शब्द ज्या वस्तूतून आले ती वस्तू आता फारशी कुणी पाहिलेली नाही. दुकानातून निघाल्यावर आमची ऑटो सीताबर्डीच्या टेकडीखालून गेली. १८१७च्या नोव्हेंबरात भोसल्यांची फौज आणि कंपनीची फौज तिथे दोन दिवस लढली, ती असल्याच तोंडाने भरायच्या बंदुकांनी, फक्त चकमकीच्या. भाऊ तिकडे पाहत म्हणाला, "पानी आलं असतं तं लढाईच कॅन्सल."

पाण्यावरून आठवलं. एकदा ओल्या रात्री आबाजींनी चाप ओढला आणि नुसतं टक् झालं. टोपी फुटली, बार नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी डावा हात माझ्या तोंडावर ठेवला. नळी शेताकडेच रोखलेली. ते हललेच नाहीत. किती वेळ कोण जाणे, मला तंबाखूचा वास येत राहिला, कंदिलावर किडे आपटत राहिले. "थांब," ते हळूच म्हणाले, "तिचा इचार चालू हाये." ओली दारू कधी कधी उशिराने पेटते, म्हणून लगेच नळी फिरवायची नसते, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा मला खरंच वाटलं की बंदूक विचार करतेय. त्या रात्री तिचा विचार नाहीच झाला. सकाळी आजीच्या शिव्या खात आबाजींनी न्हाणीघरात नळीत कढत पाणी ओतलं, काळं पाणी मोरीतून वाहिलं, सडक्या अंड्यासारखा वास घरभर झाला. काळ्या दारूची राख नळीत राहिली की हवेतली ओल ओढते आणि लोखंड खाते, म्हणून तेलाआधी पाणी. आजी म्हणायची, माझ्या भांड्यांना एवढं घासलं असतं तर.

आबाजींनी एकदा मारलंही होतं. ते मी पाहिलं नाही, ऐकलं. छर्रे लागलेलं डुक्कर पडलं नाही, पळालं. आबाजी दोन दिवस रक्ताच्या मागावर फिरले. तिसऱ्या दिवशी नाल्यात वासावरून सापडलं. मादी होती. एवढंच घरात सांगितलं जायचं, पुढचं कुणी बोलत नसे. त्यानंतर ते नळीत दारू आणि चिंधी भरायचे, छर्रे नाही. कोरा बार. त्याचा आवाज मात्र तसाच. शेत दणाणायचं, पांढरा धूर थंडीत जमिनीलगत बराच वेळ लोंबत राहायचा, दिवाळीनंतरच्या सकाळसारखा वास यायचा. आणि शेजारच्या धुऱ्यावरून कुणीतरी ओरडायचं, "लागलं का, आबाजी?" आबाजी ओरडून सांगायचे, "थोडक्यात हुकलं!" वर्षानुवर्षं ते थोडक्यात हुकत राहिले. गावात त्यांची ख्याती अत्यंत वाईट नेमबाज म्हणून होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत सांभाळली. ते गेल्यावर बाबांनी बंदूक ठाण्यात जमा केली आणि परत आणायला कधी गेले नाहीत.

आता इथे माझी अडचण आहे. ही गोष्ट मला फार आवडते. मी ती ऑफिसात सांगितली आहे, लोकांना गहिवरून येतं. पण आबाजींच्या वेळी रानात डुकरं किती होती आणि आज किती? त्यांची ज्वारी घरात खायची होती, भावाच्या हरभऱ्यावर कर्ज आहे. गेल्या वर्षी शेजारच्या शेतात निंदणाऱ्या बाईच्या मांडीला डुकराने सुळा मारला. ती वाचली, पण अजून लंगडते. कोरा बार ऐकून डुक्कर चार दिवस येणार नाही, पाचव्या दिवशी येईल. स्पीकरवरच्या वाघाचं झालं तेच होईल. मी नागपुरात चौथ्या मजल्यावर राहते, भावाच्या शेतातल्या हरभऱ्याची डाळ माझ्या डब्यात असते, आणि डुकराच्या मादीसाठी माझा जीव कळवळतो. यातलं काहीही खोटं नाही. पण शेतात रात्री मी नसते.

परतताना उमरेडच्या बसची वाट पाहत आम्ही चहा प्यायलो. भाचा म्हणाला, "बाबा, जुनीच घेऊ. पण तिचा दुसरा बार भरायले एक मिनिट तरी जाते. तोवर डुक्कर भिवापूरले पोचते." भाऊ बशीत चहा ओतत म्हणाला, "मंग बरंच हाये ना." मला वाटलं आता तो पुढे काही बोलेल. दुकानदाराच्या प्रश्नाचं उत्तर येईल. तो चहा प्यायला, बशी ठेवली, आणि टोप्या आजकाल मिळतात की नाही याची चौकशी करायची राहिली म्हणून हळहळला.

अर्ज मीच भरला. कोणत्या प्रकारचं शस्त्र: तोंडाने भरायची, एकनळी. कशासाठी: तिथे मी पेन उचलून जरा थांबले. भाऊ समोर बसून आधार कार्डाच्या झेरॉक्सवर सही करत होता. त्याने मान वर केली नाही. मी लिहिलं, पीक संरक्षण. रकाना छोटा होता, तेवढंच मावत होतं.

परवा चौकशीला पोलीस घरी येऊन गेले. जमीन किती, भांडणतंटा आहे का, घरात कोण कोण, सगळं विचारलं. मग बंदूक ठेवणार कुठे म्हणाले. भावाने त्यांना मधल्या खोलीत नेलं. आबाजींच्या दोन खुंट्या भिंतीत अजून आहेत, सागाच्या, हातभर अंतरावर. त्यावर वहिनीने लसणाच्या जुड्या टांगल्या आहेत, गेली कित्येक वर्षं तिथेच असतात. पोलीस म्हणाले, असं उघड्यावर चालणार नाही, कुलपाचं कपाट लागेल. रात्री भावाने फोनवर मला हे सगळं सांगितलं. मी विचारलं, "वहिनी काय म्हणाली?"

"काई नाही. म्हने बरं झालं, लसून हलवा लागत नाही."